मंगळ-गुरू-शनीचा रस्ता

९ नोव्हेंबर, शनिवार

ही वही दवाखान्यातल्या नर्सने दिली. साइमाचं रोजचं वजन, दिवसभरात ती किती पाणी प्यायली, पायांना सूज आहे का, एवढंच लिहायचं. चौथीत शाळा सोडल्यापासून मी वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. पण साइमाचं वजन एका ओळीत संपतं आणि पान मोठं आहे. कोरं पान वाया घालवायची मला सवय नाही.

वजन १४१ पौंड. पाणी दिवसाला चार कपांच्या वर प्यायचं नाही; तिच्या म्हणण्याप्रमाणे चार, माझ्या हिशेबाने सहा. खिडकीच्या कठड्यावरचा बर्फ कुणीतरी ओरबाडून खाल्लेला होता. विचारलं तर म्हणते, "पाखरं आली असतील, वहिनी." पाखरांना पाच बोटं कधी फुटली?

साइमा माझी नणंद. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती परकर सावरत कोंबड्यांमागे पळायची. मधली काही वर्षं डेट्रॉईटला कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला होती. बाकी सगळा जन्म माझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत. नेस्टर, म्हणजे माझा नवरा, चार वर्षांपूर्वी गेला. बहीण मला ठेवून गेला. या उन्हाळ्यात तिची मूत्रपिंडं बसली. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार हॅनकॉकच्या दवाखान्यात न्यायचं, चार तास मशीनला लावायचं, रक्त धुऊन आणायचं. नेते मीच. माझी गाडी जुनी असली तरी माझ्यासारखी कुरकुरत चालते.

आज पहिला बर्फ पडला. वीतभरच. कौंटीची, म्हणजे सरकारी, गाडी फक्त मोठा रस्ता साफ करते. घरापासून तिथपर्यंतचा अर्धा मैल, एक वळण, एक चढ, आमचा आम्ही बघायचा. नेस्टरच्या ट्रकला पुढे बर्फ लोटायचं पातं होतं. गोठ्यामागे जाऊन पाहिलं. ट्रकची तळाची लोखंडी चौकट गंजून मधोमध मोडलीय. पातं मात्र ठणठणीत.

साइमा आज दवाखान्यातून केस सेट करून आली. तिथे आठवड्यातून एकदा कुणी बाई येते म्हणे. म्हणाली, "दवाखान्याच्या मागेच म्हाताऱ्यांचं घर आहे. आतल्या आत पॅसेज. बर्फात पाऊल टाकायला नको, मशीनपर्यंत सपातांवर जायचं."

मी म्हटलं, "पॅसेज काय बघायचा? आपल्याकडे निदान झाडं तरी आहेत."

"झाडं आहेत," म्हणाली. मग केसांवरून हात फिरवत बसली.

११ नोव्हेंबर, सोमवार

वजन १४३. पाणी चार.

मिलवॉकीहून रॉयचा फोन. पोरगा सत्तेचाळीसचा झाला तरी माझ्याशी बोलताना आवाज चढवतो, जशी मी विहिरीत पडलेय.

"आई, तू शहात्तर वर्षांची आहेस."

"मला मोजता येतं."

"रस्ता बंद झाला आणि आत्याचा एक वार चुकला तर काय होतं ते डॉक्टरांनी सांगितलंय ना तुला?"

"चुकणार नाही."

"चुकला तर आत्या हॅनकॉकला राहायला जाईल. त्या घरात मी तिचं नाव घालून ठेवलंय. कबूल?"

कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नाही म्हटलं असतं तर उद्याच गाडी घेऊन आला असता.

मग त्याला आत्याशी बोलायचं होतं. साइमा फोनची तार ओढून पाठमोरी उभी राहिली, कुजबुजत. "हो, खिडकीची असली तर बरं," एवढंच ऐकू आलं. मी विचारलं, कसली खिडकी? म्हणाली, रॉय घराला नव्या खिडक्या लावतोय. मिलवॉकीच्या माणसांना दुसरं काही सुचत नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काल ती मशीनवर होती तेव्हा मी बाकावर बसू शकले नाही. चार तास त्या खिडकीपासून या खिडकीपर्यंत. नर्स म्हणाली, आजी, फरशी झिजेल. मी आकाश बघत होते. पश्चिमेकडे सरोवरावर बर्फाचं करडं आभाळ उठलं की आमच्याकडे मोजून दोन तासांत पोचतं.

परत येताना वळणावर एकदम सुचलं. ट्रक मेला, पण ट्रॅक्टर जिवंत आहे. त्याला पुढे लोडर आहे, दोन लोखंडी हात आणि शेण उचलायची बकेट. ट्रकचं पातं काढून त्या बकेटला बसवलं तर?

आज ताइस्तोला बोलावलं. मैलभरावर राहतो, खाणीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं वेल्डिंग केलेलं. बायको गेल्यापासून दिवसाला वीसेक शब्द बोलतो, त्यातले सहा कॉफी मागण्यात जातात. त्याने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, पात्याला बुटाने ठोकलं.

"लोडरचे हात वर उचलायला असतात, हेल्मी. समोरून धक्का खायला नसतात. वाकतील."

"वाकणार नाहीत असं कर."

"ट्रकचं पातं खाली असतं. हे उंच बसेल."

"मग खाली बसव."

तीन कप कॉफी प्यायला, वेलदोड्याचा पाव अर्धा संपवला. जाताना म्हणाला, "सोमवारी येतो." साइमा त्याच्याबरोबर दारापर्यंत गेली, काहीतरी पुटपुटली. "वहिनी एकटी कशी..." एवढं कानावर आलं. तिला वाटतं मला ट्रॅक्टर झेपणार नाही. तिच्या भावापेक्षा जास्त मीच तो चालवलाय.

२० नोव्हेंबर, बुधवार

वजन १४२. पाणी पाच. एक कप सांडला म्हणाली. कुठे सांडला ते दाखवेना.

तीन दिवस गोठ्यात वेल्डिंगचा उजेड. ताइस्तोने बघू नकोस म्हटलेलं असताना मी बघितलं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालंय. ताइस्तोने पात्यामागची तिकोनी चौकट बकेटच्या ओठाला लोखंडी पट्ट्यांनी जोडली. पातं डावी-उजवीकडे वळवायला खिळीची भोकं पाडली. ट्रॅक्टरवरून उतरून खीळ काढायची, पातं ढकलायचं, खीळ परत घालायची. माझ्या गुडघ्यांचा विचार कुणी केला नाही, मीसुद्धा नाही.

भांडण एकच झालं. पात्याच्या मागे दोन जाड स्प्रिंगा असतात. दगड लागला की पातं पुढे झुकतं, दगड खालून गेला की स्प्रिंगा त्याला परत उभं करतात. आमच्या दोन्ही निकामी. एक तुटलेली, एक गंजून ठोकळा झालेली. ताइस्तो म्हणाला, तशा शोधाव्या लागतील, दोन आठवडे लागतील.

"दोन आठवड्यांत सहा वार येतात," मी म्हटलं. "त्या जागी सरळ लोखंडी दांडे मार. रस्ता माझा आहे, त्यात दगड कुठे आहेत ते मला ठाऊक."

"दरवर्षी नवे येतात, हेल्मी."

ते खरंय. आमच्या जमिनीत बटाट्यांपेक्षा दगड जास्त पिकतात. जमीन गोठली की त्यांना खालून वर उचलते. पण पश्चिमेकडचं आकाश दोन आठवडे थांबणार होतं का?

"दांडे मार."

"मारतो. पण मी नको म्हणालो होतो."

"लिहून ठेवते," मी म्हटलं. हे लिहिलं.

सगळं झाल्यावर मी पातं तीनदा वर-खाली करून साइमाला खिडकीतून दाखवलं. आत आले तर म्हणाली, "म्हणजे झालं पक्कं?"

"पक्कं."

"हं." आणि जाऊन आडवी झाली. तहान लागली की ती अशीच करते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पहाटेपासून दीड फूट. पाचला उठले. पहिल्या धडकेत पातं बर्फात घुसलं आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. पुढे सगळा भार, मागे काही नाही. ताइस्तोला फोन केला, तो काँक्रीट भरलेलं पिंप घेऊन आला. नांगर जोडतात तिथे ते मागे लटकवलं, चाकांना साखळ्या घातल्या. मग मात्र चालला. रेड्यासारखा.

दवाखान्यात वीस मिनिटं उशिरा पोचलो. साइमाच्या शेजारच्या मशीनवर एक इटालियन बाई असते, बियांकी. म्हणाली, "आज पत्ते राहिले." म्हणजे तिथे पत्ते चालतात. मला कुणी सांगितलं नव्हतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

वजन १४०. पाणी चार.

एकही वार चुकलेला नाही. रॉयला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "शाब्बास," पण आवाज शाब्बास म्हणणाऱ्याचा नव्हता.

आता काम कळायला लागलंय. नुसता गाडीपुरता रस्ता काढून चालत नाही, दोन्ही बाजूंचा बर्फ लांब मागे सारावा लागतो, नाहीतर फेब्रुवारीत टाकायला जागा उरत नाही. म्हणून ज्या दिवशी पडत नाही त्या दिवशीही मी बाहेर असते. घरात बसवत नाही. बसले की कान वाऱ्याकडे. कपबशी धुताना तिसऱ्यांदा पडदा सारला तर साइमा म्हणाली, "वहिनी, तो पडला की दिसेलच. आधी बघून थोडाच परत जाणार आहे?"

"तुला काय, तू बसून असतेस."

"मला कंटाळा येत नाही असं वाटतं का तुला?"

मी म्हटलं मोजे विण.

तिने आज तिचं कपाट उपसलं. अर्धे कपडे पिशवीत, अर्धे परत खणात. उंदीर शिरले असावेत. पिंजरा लावला.

२६ डिसेंबर, गुरुवार

परवा ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, तापवला, दरवर्षीसारखा. भट्टीवरचे दगड लाल झाल्यावर पाणी मारलं, साइमा खालच्या बाकावर, मी वरच्या. तिला बाहेर यायला सांगितलं तरी येईना. म्हणाली, मशीनवर मी माल असते, इथे माणूस असते. काहीही बोलते.

आज वजन नेहमीपेक्षा दोन पौंड कमी. नर्स चकित. "घरी काय करता?" मी म्हटलं, घाम काढतो. ती हसली. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पाणी अंगातून काढायचं आहे ना? मग ते सुईतून गेलं काय, कातडीतून गेलं काय.

१५ जानेवारी, बुधवार

कालपासून बर्फ थांबलेला नाही. सरोवरावरून येतोय, आडवा. गोठा दिसत नाही.

उद्या गुरुवार. रस्ता साठू नये म्हणून दुपारी तिसऱ्यांदा बाहेर काढला ट्रॅक्टर. घाईत होते हे खरं. वळणाच्या अलीकडे दुसऱ्या गिअरमध्ये होते तेव्हा पातं कशालातरी लागलं. आवाज असा आला जसा कुणी चर्चची घंटा हातोड्याने फोडली. मी स्टिअरिंगवर आपटले, हनुवटी फुटली. उतरून हातांनी बर्फ उकरला. दगड. पाटाएवढा, गेल्या वर्षी तिथे नव्हता. पातं झुकलं नाही, कारण मी त्याला झुकायची सोयच ठेवली नव्हती. सगळा धक्का लोडरने खाल्ला. त्याचा उजवा हात कोपरातून वाकलाय, बकेट पिळवटलीय, पातं एका कानावर लटकतंय.

ताइस्तो नको म्हणाला होता. वर लिहिलंच आहे.

चालत घरी आले. साइमाने हनुवटीला पट्टी लावली.

१६ जानेवारी, गुरुवार

वजन १४५. पाणी तीन, आज खरंच तीन.

फावड्याने सकाळी सहा ते दहा. गोठ्यापासून विहिरीपर्यंत पोचले. मागे वळले तर मागचा परत भरलेला. ताइस्तो फोनवर म्हणाला, समोरचा हात दिसत नाही, त्याच्या बर्फावरच्या स्कूटरवर साइमाला घातलं तर दोघं झाडावर जाऊ. दवाखान्यात कळवलं. नर्स म्हणाली, वादळ थांबलं की लगेच आणा, दम लागला तर अँब्युलन्स बोलवा. अँब्युलन्स मोठ्या रस्त्यापर्यंत येईल. पुढचा अर्धा मैल तिला कोण दाखवणार?

रॉयला फोन केला नाही.

१९ जानेवारी, रविवार

शुक्रवारचं आज लिहितेय. हॅनकॉकला ताइस्तोच्या बहिणीकडे उतरलेय.

शुक्रवारी सकाळी १४८. पाय खांबासारखे. बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहायचा. ती खुर्चीत बसून श्वास मोजत होती. मी स्वयंपाकघरात येरझारा घालत होते आणि डोक्यात ते दोन पौंड.

"सौना तापवू?" मी म्हटलं.

"मशीन तरी वेगळं काय करतं?" साइमा म्हणाली. आम्हा दोघींना ते बरोबर वाटलं. आमच्या माणसांना सर्दी झाली तर सौना, पाठ धरली तर सौना, मूल व्हायचं असलं तरी सौना. मग हे का नाही?

दोरी धरून तिला अंगणातून नेलं. नेहमीपेक्षा जास्त तापवला, जास्त वेळ बसवलं. घाम धो धो गेला. मला बरं वाटलं, म्हटलं चला, शनिवार गाठू. मग ती म्हणाली, "वहिनी, माझे पाय कुठे गेले?" मी म्हटलं, तिथेच आहेत. "मला सापडत नाहीत." हात उचलायला गेली, उचलेना. ओठ निळे. काखेत हात घालून बाहेरच्या खोलीत ओढलं. एवढी जड ती कधीच नव्हती.

वारा थोडा पडला होता. ताइस्तो दहा मिनिटांत आला, स्कूटरच्या मागे लाकडं ओढायची घसरगाडी बांधून. दोन गोधड्यांत गुंडाळून वर ताडपत्री बांधली. मी तिच्या डोक्याशी बसले. अर्ध्या वाटेत म्हणाली, "माझे केस ओले आहेत, लोक बघतील." म्हटलं, बघू देत, गोठलेत, सेट झालेले दिसतील. मोठ्या रस्त्यावर कौंटीच्या गाडीमागे अँब्युलन्स उभी होती.

डॉक्टर कोवळा आहे. दाढीसुद्धा नीट आलेली नाही. म्हणाला, "आजी, घामातून पाणी जातं. विष जात नाही. ते रक्तात साठत राहतं आणि शेवटी हृदय थांबवतं. अजून तासभर उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो."

मी म्हटलं, "आमची माणसं सौनात जन्मतात आणि मेल्यावर तिथेच धुतली जातात."

"तसं असेल. पण मधली वर्षं माझ्याकडे द्या."



२१ जानेवारी, मंगळवार

रॉय आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. कॉफीचा कागदी कप माझ्या हातात दिला आणि शेजारी बसून राहिला.

मीच म्हटलं, "वार चुकला. कबूल केलं होतं. तू म्हणशील ते."

"आत्याला विचारतो."

आत गेला, बराच वेळ. मी पॅसेजमध्ये उभी. तो पॅसेज. त्याच्या टोकाला काचेचं दार आहे, पलीकडे गालिचा, कुंड्या, चार म्हाताऱ्या पत्ते खेळत होत्या. एक खुर्ची रिकामी.

रॉय बाहेर आला, माझ्याकडे विचित्र नजरेने बघत. "आत्या म्हणते, घरी येते. वहिनीला आत्ता असं सोडून नको, म्हणाली."

"असं म्हणजे कसं?"

"आई, आरशात बघितलंस का तू?"

हनुवटीवर इथे घातलेले टाके आहेत, त्याबद्दल बोलत असावा. टाके आठ दिवसांत निघतील. पण बरं झालं, ती येतेय. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सोडतील. तोवर पातं उभं राहिलं पाहिजे, आणि या वेळी नीट.

२९ जानेवारी, बुधवार

गेल्या आठवड्यात घरी परतल्यावर ताइस्तोकडे गेले. म्हटलं, "तू बरोबर होतास."

त्याने कॉफी ढवळली. "वहीत लिहिलंस का?"

"लिहिलं."

"मग चल."

रोज आठ तास. लोडरचा वाकलेला हात त्याने तापवून लाल केला आणि जॅक लावून इंच इंच सरळ केला. मी जॅकचा दांडा मारत होते. बकेट काढूनच टाकली. तिच्या जागी जाड पत्रा, पत्र्याला दोन कान, कानांत सैल खीळ. पात्याचं वजन एका साखळीवर टांगलं, तीही सैल. म्हणजे रस्ता वर गेला की पातं वर, रस्ता खाली गेला की खाली, लोडरला ओझं नाही. पात्याचा मागचा रेटा आता दोन दांड्यांनी थेट ट्रॅक्टरच्या पोटाला दिलाय, लोडरच्या हातांना नाही. हे त्याला पहिल्यापासूनच करायचं होतं म्हणे. मी म्हटलं, बोलला का नाहीस? म्हणाला, वीस शब्द संपले होते. हा त्याचा विनोद. वर्षातून एक होतो.

स्प्रिंगा कौंटीच्या भंगारात मिळाल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वजन १३८. पाणी चार. साइमा मंगळवारी परत आली. अर्धी झालीय. आज मशीनहून आणल्यावर तिला खिडकीत बसवलं आणि म्हटलं, आता बघ.

तोच दगड. आम्ही उकरून काढला नव्हता, मुद्दाम ठेवला होता. मी पहिल्या गिअरमध्ये, सरळ त्याच्यावर. पातं लागलं, पुढे वाकलं, दगड खालून गेला, आणि स्प्रिंगांनी ते परत उभं केलं. ट्रॅक्टरवर मला नुसती उचकी लागल्यासारखं झालं. पुन्हा मागे घेऊन चारदा करून बघितलं. ताइस्तो वळणावर हात खिशात घालून उभा होता आणि दात दाखवत होता, जे त्याच्याकडे फार नाहीत.

आत येऊन साइमाला म्हटलं, "आता एप्रिलपर्यंत देवाने किती टाकायचं ते टाकावं."

ती रडत होती. अशक्तपणा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वजन १३९. पाणी चार.

जेवणानंतर साइमा म्हणाली, "वहिनी, बस."

"भांडी आहेत."

"भांडी पळून जात नाहीत. बस." मी बसले. "मला हॅनकॉकला राहायला जायचंय. रॉयला सांगितलंय. पुढच्या सोमवारी तो येतोय."

मी म्हटलं, सौनामुळे ना? म्हणाली, नाही. दगडामुळे? नाही. मग रस्त्याचं काय वाईट आहे आता? तीन आठवड्यांत एकदा तरी उशीर झाला का?

"रस्ता चांगला आहे गं. रस्त्यावर काही म्हणणंच नाही. मला नोव्हेंबरातच जायचं होतं."

"नोव्हेंबरात? मग बोललीस का नाही?"

"कशी बोलू? तू गोठ्यात ट्रकचं पातं ट्रॅक्टरला लावत होतीस, माझ्यासाठी. पहाटे पाचला उठून. शहात्तराव्या वर्षी." हात मांडीवर ठेवून बसली होती, सुईच्या खुणा वर करून. "तिथे पत्त्यांना चौथं माणूस लागतं. माझ्या खोलीच्या खिडकीतून कालवा दिसतो. मी तीस वर्षं याच खिडकीतून गोठा बघतेय, वहिनी. गोठा मला पाठ झालाय."

"तीस वर्षं गप्प राहिलीस."

"तू विचारलंस कधी?"

मी उठले आणि भांडी घासली. दोन कप फुटले. जुनेच होते.

मला राग नाही. तिची मर्जी. मी एवढंच म्हणते, नोव्हेंबरात सांगितलं असतं तर माझी हनुवटी वाचली असती. आणि मी इथे एकटी राहीन म्हणून ती थांबली होती असं ताइस्तो म्हणतो, ते साफ खोटं. एकटी राहायला काय लागतं? एक ताट कमी घासायचं.

१ मार्च, शनिवार

मशीन. परत येताना ती वाटभर बोलत होती, खोलीत कुठला पडदा, कुठली खुर्ची. मी रस्त्याकडे बघत होते. कडा दोन्हीकडे माझ्या डोक्याच्या वर गेल्यात, पण मधून दोन गाड्या आरामात जातील. कौंटीच्या माणसाने परवा गाडी थांबवून विचारलं, हे कुणी काढलं? म्हटलं, मी. त्याला खरं वाटलं नाही.

३ मार्च, सोमवार

पहाटे उठले तर चौदा इंच. वाराही होता. वळणावर कमरेइतका साठलेला दिसत होता.

रॉय गावातल्या मोटेलमध्ये उतरलाय. त्याची गाडी खालून बुटकी आहे, मिलवॉकीची, चार इंचातही बसेल. नऊला येणार होता. मी ट्रॅक्टरवर जाऊन बसले. इंजिन गार, चावी हातात. तशीच बसले, किती वेळ ते माहीत नाही. चावी फिरवली नसती तर कुणी मला काही म्हटलं नसतं. रॉयने फोन केला असता, मी म्हटलं असतं, बंद आहे रे, बघू उद्या. उद्या मंगळवार, मशीन. मग परवा. मग परत पडला असता. या महिन्यात अजून बरंच पडायचंय. खिडकीत दिवा लागला. साइमा कोट घालून बसली होती, सातलाच, टोपीसुद्धा.

फिरवली चावी.

अंगणापासून सुरुवात केली. पायऱ्यांपर्यंत, म्हणजे तिच्या बॅगेला उचलावं लागू नये. मग उतार, मग वळण, दोनदा. वळणावर पातं त्या दगडावरून डुलत गेलं. चढावर कडा दोन्हीकडे आणखी मागे ढकलल्या, एका गाडीला पुरेल त्याच्या दुप्पट. मोठ्या रस्त्याचं तोंड खरवडून काळं केलं. आठला संपलं. मग परत एकदा काढलं, नुसतंच.

रॉयने बॅगा ठेवल्या. खुर्ची मागच्या सीटवर. साइमा पायऱ्यांवर थांबली आणि माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं, जे मी कधीच लावत नाही.

गाडीत बसून तिने काच खाली केली. "गुरुवारी येशील ना? बियांकीला सांगितलंय, माझी वहिनी येईल."

"रस्ता असला तर."

"रस्ता तूच काढतेस, वहिनी."

"तेच म्हणतेय."

गाडी निघाली. वळणावर घसरली नाही, चढावर अडखळली नाही, चाक एकदाही जागच्या जागी गरगरलं नाही. मी फाटकाशी उभी राहून शेवटपर्यंत बघितलं. मोठ्या रस्त्याला लागली, गेली. थोड्या वेळाने कौंटीची गाडी आली आणि जाता जाता माझ्या रस्त्याच्या तोंडाशी गुडघाभर बर्फाचा बांध टाकून गेली.

मी ट्रॅक्टर चालू केला.